हॉल, पडदा आणि आवाज: सोसायटीच्या चित्रपट उपक्रमाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

सर्वसाधारण सभेत आपला विषय पार्किंगच्या भांडणानंतर आला. तोवर निम्मे सभासद उठून गेले होते, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी सात वाजता तळमजल्याच्या हॉलमध्ये एक चित्रपट. सभासद आणि त्यांच्या घरी आलेले पाहुणे, एवढ्यांनाच प्रवेश. सांस्कृतिक निधीला हात लावायचा म्हटल्यावर खजिनदारांचा चेहरा पडला होता. प्रोजेक्टर माझ्या भाच्याचा फुकट मिळतोय कळल्यावर तो परत वर आला. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे, कारण सूचना माझी. जो बोलेल त्याच्याच गळ्यात घोंगडं, ही आमच्याकडची जुनी रीत.

सभा संपल्यावर चौथ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी जिन्यातच गाठलं. म्हणाले, "वहिनी, डीव्हीडी विकत घेतली म्हणजे ती चार लोकांत लावायचा हक्क मिळतो असं नाही." कायद्याने चित्रपटाचे हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतात. म्हणजे आज १९६४ पर्यंतचे चित्रपट मोकळे, त्यानंतरच्या प्रत्येकासाठी हक्कदाराची लेखी परवानगी. आणि तिकीट, वर्गणी, "ऐच्छिक देणगी" असलं काहीही ठेवायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

व्हॉट्सॲपवर पहिल्या तासाभरात सगळ्यात जास्त मागणी आली ती 'अशी ही बनवाबनवी'ला. येणारच होती. चित्रपट १९८८ चा, म्हणजे हक्क २०४८ संपेपर्यंत. सेक्रेटरींनी गटावर तेवढंच टाकलं: "२०४९ च्या जानेवारीत नक्की." बारा जणांनी हसरे चेहरे पाठवले, एका आजोबांनी हात जोडले.

मलाही 'बनवाबनवी' आवडतो. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची (१९६६), पण वसंत सबनीसांच्या संवादांनी तो पुण्याचा होऊन गेला, इतका की मूळ चित्रपट आज कुणाला आठवत नाही. मात्र तो घराघरात तोंडपाठ आहे. हॉल मांडून, खुर्च्या लावून दाखवावा असं त्यात काही उरलेलं नाही.

यादी करताना माझा एक हट्ट राहील, तो इथे लिहून ठेवते म्हणजे नंतर वाद नको. ज्या चित्रपटात आवाजाला काही काम दिलंय, ते आधी. आपल्याकडे चित्रपटावर बोलताना गोष्ट, अभिनय, गाणी यापुढे गाडी जात नाही. पार्श्वसंगीत सतत कानात ओतलं जातं आणि त्याच्याखाली दार वाजलं, भांडं पडलं, कुणी उसासा टाकला, ते सगळं बुडून जातं. मला ते ऐकायचंय.

११ ऑक्टोबर, शनिवार

हॉलची पाहणी. नवरा, भाचा आणि मी.

भाच्याने मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवली. ती छतावर गेली, मागच्या भिंतीवर गेली, आणि तिसऱ्यांदा आल्यासारखी वाटली तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. खाली गुळगुळीत लाद्या, एका बाजूला पूर्ण काच, तिन्ही भिंतींना ऑइल पेंट. बारशाला ठीक आहे, तिथे कुणी कुणाचं ऐकत नसतं. चित्रपटाचा एकही संवाद इथे कळणार नाही.

दुसरी अडचण खिडक्यांची. त्या रुळांच्या बाजूला उघडतात. कोपरीत राहायचं म्हणजे गाडी असणारच. ठाण्याच्या कानाला १८५३ पासून सवय आहे. पण फास्ट लोकल गेली की काच थरथरते. बंद करून बघितल्या; गाडी कमी झाली, घुमणं वाढलं.

कामाची वाटणी: मांडववाल्याकडून जाड पडदे (नवरा), सतरंज्या आणि जुन्या गोधड्या (मी, घरोघरी फिरून), स्पीकर (भाचा). गणपतीचे दोन मोठे स्पीकर मंडळाच्या खोलीत आहेत, पण ते गल्ली हलवायला घेतलेले आहेत, बोलणं ऐकवायला नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी तोंडावर. फराळ सोडून काही झालं नाही. गोधड्या मात्र जमल्या: जी काढून टाकायला निमित्त हवं होतं तीच प्रत्येकीने दिली.

मागच्या महिन्यात बघितलेल्या 'दशावतार'बद्दल इथे टिपून ठेवते, गटावर लिहिलं तर भांडण होईल. दिलीप प्रभावळकर या वयात जे करतात त्याला तोड नाही. चेहऱ्याला रंग लावताना त्यांच्या हातात जो सराव दिसतो तो खोटा वाटत नाही. कोकणही नुसतं पर्यटनाचं नाही. पण ज्या कलेत पेटी, मृदंग, झांज आणि रात्रभर चालणारा राजाचा आवाज हेच सगळं काही, त्या कलेवरच्या चित्रपटात मोठ्या वाद्यवृंदाला इतकी घाई कशाला? म्हातारा काही बोलायच्या आधीच संगीत सांगून मोकळं होतं की आता रडायचंय. आमच्या रांगेतल्या काकू बरोबर त्या खुणेवर पदर डोळ्याला लावत होत्या. त्यांना आवडला. मलाही पाऊण आवडला.

१ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम. पडदे काचेवर, गोधड्या मागच्या भिंतीला दोरीवर, सतरंज्या खाली. पुन्हा टाळी. या वेळी वाजली आणि संपली.

भाच्याने दोन्ही बाजूंना स्पीकर लावले होते. आवाज कुठूनच येत नव्हता, म्हणजे सगळीकडून येत होता. जुन्या चित्रपटांचा आवाज एकाच वाटेने येणारा. फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टी असते, तिच्यात काळं-पांढरं कमीजास्त होतं, त्यातून दिवा जातो आणि पलीकडे आवाज निघतो. त्याचे दोन भाग करून दोन भिंतींना टांगण्यात अर्थ नाही. एकच स्पीकर पडद्याच्या बरोबर खाली, स्टुलावर ठेवला, आणि माणसं तोंडाने बोलायला लागली.

मग 'स्पष्ट ऐकू यावं' म्हणून त्याने ट्रेबल वाढवला. त्या पट्टीवर वरचे स्वर मुळात फार नसतातच, त्यामुळे वाढते ती खरखर. ट्रेबल खाली आणला, बास थोडा कापला. आता बरं आहे.

चित्राचंही एक. प्रोजेक्टर आपोआप पडदाभर ताणतो. जुनी चौकट जवळजवळ चौकोनी. ती ताणली की दुर्गा खोटेंपासून सगळे एकदम दहा किलोंनी वाढतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यायचे. कुणी विचारलं तर उत्तर द्यायची जबाबदारी माझी.

८ नोव्हेंबर, शनिवार: पहिला खेळ, 'संत तुकाराम' (१९३६)

हॉल भरला. मागे उभे राहिलेले वेगळे. सुरुवातीला चहा ठेवला होता, ती चूक नवऱ्याची: पहिली दहा मिनिटं कपबश्यांत गेली. पुढच्या वेळी चहा नंतर.

लहानपणी शाळेत आम्हाला हा चित्रपट दाखवला होता आणि मी झोपले होते. तेव्हापासून बऱ्याचदा बघितलाय. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. प्रभात फिल्म कंपनीत दामल्यांकडे ध्वनिमुद्रणाचं खातं होतं आणि फत्तेलाल कलादिग्दर्शन सांभाळायचे. पडद्यावर दोघांची कामं वेगवेगळी ओळखू येतात: डोळ्याला दिसणारं देहू एकाचं, कानाला ऐकू येणारं दुसऱ्याचं.

विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा 'आता गाणं' असं होत नाही. माणूस काम करता करता बोलतो, बोलता बोलता त्याचा सूर लागतो, आणि अभंग कधी सुरू झाला ते कळत नाही. त्यांच्यासमोर सालोमालो, तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा. त्याचं गाणं दाखवायचं असतं. शब्द चोरता येतात, पण त्या शब्दांतला आवाज चोरता येत नाही, हे दामल्यांनी एकही भाषण न देता ऐकवलंय. केशवराव भोळ्यांच्या चालींचा त्यात मोठा वाटा. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं 'आधी बीज एकले' तर कित्येक जाणकारांनी खुद्द तुकोबांचंच समजून घेतलं. आजच्या खेळालाही दोन जणींनी ते "गाथेतलं" म्हणून सोबत म्हटलं. मी काही बोलले नाही.

पण चित्रपट खरा पेलते ती गौरीने केलेली जिजाई. तिचा आवाज घरातून येतो, चिडका, वरच्या पट्टीतला, आणि अभंगाला चिरत जातो. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलंय, नवरा विठ्ठलात. ती देवळात जाते ती हातात पायताण घेऊन, थेट पांडुरंगाला जाब विचारायला. हॉलमध्ये इथे हशा पिकला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी हसल्या नाहीत. शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." मग शेवटी वैकुंठाला जायचं विमान येतं आणि जिजाईला पुरणपोळ्यांचं पडलेलं असतं, तेव्हाही आजी तेच म्हणाल्या. संतपटात बायकोची बाजू इतकी जोरात ऐकू येणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला हे सगळीकडे लिहिलेलं असतं. व्हेनिसवाल्यांना जिजाईच्या शिव्या कितपत कळल्या असतील कोण जाणे; आवाज कळला असावा.

गाडीचा त्रास: मधल्या एका अभंगावर फास्ट लोकल. पागनीस थांबले नाहीत, आम्ही थांबलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

गटावरचे अभिप्राय. "खूप छान, जुनी आठवण" वगैरे पुष्कळ. कॉलेजवाल्यांचं एकच म्हणणं: "आमच्या काळातलं काहीतरी लावा." मागणी रास्त आहे. 'सिंहासन' (१९७९) आणि एका अलीकडच्या चित्रपटासाठी परवानगी मागायचं ठरलं. पत्रं सेक्रेटरींच्या सहीने पाठवली.

२३ नोव्हेंबर, रविवार

हॉलमध्ये जे लावता येत नाही ते ज्याने त्याने बघून यायचं आणि रविवारी गच्चीवर चर्चा, असा पोटउपक्रम लेकीने सुरू केला. आज पहिली बैठक. विषय या वर्षी चित्रपटगृहात आलेले दोन मराठी चित्रपट.

'स्थळ'. जयंत सोमलकरांचा, विदर्भातल्या खेड्यातला. मुलगी बघायला येणं हा एवढाच विषय, आणि तो पुन्हा पुन्हा. पाटावर बसलेली मुलगी, समोर पुरुषांची रांग, तेच प्रश्न त्याच क्रमाने, नाव, शिक्षण, उंची, आवड. दुसऱ्या फेरीला हसू येतं, पुढच्या फेरीला त्या प्रश्नांचा ठेका पाठ झालेला असतो, आणि मग आपल्यालाच घाम फुटतो. सुरुवातीला एक स्वप्न आहे: मुलगी आणि तिच्या बाजूच्या बायका रांगेत बसल्यात आणि मुलगा उत्तरं देतोय. प्रश्न तेच, फक्त आवाज बायकांचे. मला तो सबंध चित्रपटातला सगळ्यात धारदार भाग वाटला. गच्चीवरच्या पुरुष मंडळींना तो "जरा जास्त" वाटला. त्यांच्यापैकी एकाने स्वतः किती स्थळं बघितली ते त्यांच्या सौभाग्यवतींनी लगेच सांगितलं, आणि चर्चा तिथे थोडा वेळ भरकटली.

'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांचा. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळालेला. वडील गेल्यावर मुंबईतला मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, तिथे बालमित्र भेटतो, आणि दोघांमधलं प्रेम हळूहळू समोर येतं. मला भीती होती ती गच्चीवरच्या कुजबुजीची. तसं काही झालं नाही. बोलणं गेलं ते सुतकाच्या नियमांवर, नातेवाइकांच्या लग्नाच्या भुणभुणीवर, आणि आईवर. जयश्री जगताप यांनी केलेली ती आई मुलाला सगळं ओळखून आहे आणि कुणासमोर किती बोलायचं हेही तिला ठाऊक आहे. चित्रपट घाई करत नाही. दोन माणसं झाडाखाली बसली तर बसू देतो. लेकीच्या मैत्रिणीला तो संथ वाटला. मला वाटतं, दहा दिवस अनवाणी घरात बसणं संथच असतं, ते वेगवान दाखवलं असतं तर खोटं झालं असतं.

१३ डिसेंबर, शनिवार: दुसरा खेळ, 'कुंकू' (१९३७)

हा माझा लाडका, त्यामुळे नोंद लांबणार.

तयारी: हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ दुपारीच उतरवून ऑफिसात ठेवलं. सेक्रेटरींना कारण संध्याकाळी कळलं. 'कुंकू'त घड्याळ हे जवळजवळ एक पात्र आहे. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या घरात ते टिकटिकत राहतं, आणि त्या घरात फसवून आणलेली तरुण नीरा ते ऐकते, काकासाहेब ऐकतात, आपण ऐकतो. प्रत्येकाला त्यातून वेगळं काही ऐकू येतं. तिथे आमच्या हॉलचं घड्याळ मध्ये बोलायला नको होतं.

दिग्दर्शक व्ही. शांताराम, आपले शांतारामबापू, यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. गाणी आहेत, पण दृश्यात जे वाद्य किंवा वस्तू असेल तिच्याच साथीने. ग्रामोफोन आहे, भांडी आहेत, पावलं आहेत. बाकी शांत. परदेशात फ्रिट्झ लँगच्या 'एम'मध्ये (१९३१) पार्श्वसंगीत नाही, आणि हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) नेहमीच्या संगीताऐवजी पक्ष्यांचे आवाज आहेत, याचं कौतुक आपल्याकडचे सिनेमावाले तोंड भरून करतात. पुण्यात १९३७ साली हे झालं होतं, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज बसतो.

त्याचा परिणाम काय होतो ते आज हॉलमध्ये कळलं. पार्श्वसंगीत असलं की प्रेक्षकाला कुणीतरी बोटाला धरून नेत असतं. इथे बोट नाही. नीरा दार लावून घेते तेव्हा कडीचा आवाज होतो आणि तेवढाच. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. शांता आपटे गप्प असतानाही लढतात, आणि केशवराव दाते यांनी काकासाहेबांना नुसतं खलनायक होऊ दिलेलं नाही. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांत स्वतःचे इतके चेहरे बघणारा तो माणूस केविलवाणा आहे, आणि अपराधीही आहे. दोन्ही एकदम.

नीराच्या बाजूने उभी राहणारी त्याची विधवा मुलगी केलीय शकुंतला परांजपे यांनी. पुढे संततिनियमनाच्या कामाला वाहून घेतलेल्या त्याच. हे सांगितल्यावर आजींनी विचारलं, "म्हणजे सईची आई?" होय, सई परांजपे यांची आई. हॉलमध्ये एकदम ओळखीचं वारं आलं.

मला एकच गोष्ट खटकते, आणि ती आज पुन्हा खटकली: नीरा सुटते ती म्हाताऱ्याच्या पश्चात्तापाने आणि त्याच्या मरणाने. इतकी झुंजलेली मुलगी, तिच्या सुटकेची किल्ली शेवटी त्याच्याच हाती. वकीलसाहेब म्हणाले, त्या काळच्या कायद्यात तिला दुसरी वाटच नव्हती. बरोबर असेल. तरी खटकतं.

पावणेदहाला संपला. लोक साडेदहापर्यंत हलले नाहीत. चहा नंतर ठेवल्याचा फायदा.

२० डिसेंबर, शनिवार

परवानगीचं काय झालं, तर एकीकडून उत्तर नाही, दुसरीकडून "कळवतो". एका ठिकाणी फोनवर तीन माणसांनी मला चौथ्या माणसाचा नंबर दिला आणि तो नंबर पहिल्याचाच निघाला.

गच्चीवर आज 'सैराट'. भाच्याचं म्हणणं, "मावशी, तुझ्या हिशोबाने तर 'सैराट' वाईट ठरला पाहिजे. संगीतच संगीत आहे." त्याला वाटलं मला कोंडीत पकडलं. उलट 'सैराट' हा माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या सिंफनी वाद्यवृंदासह मुद्रित केलं. पूर्वार्धात ते संगीत अक्षरशः अंगावर येतं, आर्ची-परशाबरोबर आपणही विहिरीत उड्या मारतो, उसात पळतो. मग हैदराबाद, आणि ते हळूहळू ओसरतं. भांडणं, पत्र्याची खोली, डोसे. आणि शेवटी ते लहान मूल शेजारणीचा हात सोडून घरात येतं तेव्हा नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. रडण्याचाही आवाज नाही. आधी इतकं दिलं नसतं तर ते काढून घेतल्याचं एवढं लागलं नसतं. थिएटरमध्ये माझ्या मागे बसलेली पोरं 'झिंगाट'ला खुर्च्यांवर चढली होती, तीच पोरं शेवटी पायऱ्या उतरताना एकमेकांशी बोलत नव्हती.

'फँड्री'तही (२०१३) तेच डोकं आहे. डुकरं पकडायची धावपळ चालू, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्याचं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं. डुक्कर समोरून निघून जातं. एका आवाजाने सगळ्यांना थांबवलं, आणि त्या आवाजाने ज्यांना कधी काही दिलं नाही तेही थांबले. यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण 'कोर्ट' बोअर आहे."

'कोर्ट' (२०१४) बोअर नाही. चैतन्य ताम्हाणेंनी कॅमेरा लांब ठेवला आणि तो तिथेच ठेवला, म्हणून आपल्याला बघायला वेळ मिळतो. न्यायाधीश साक्षीदाराचं बोलणं स्वतःच्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात ते ऐका. माणूस एक बोलला, कागदावर दुसरंच उतरलं, आणि त्यात कुणाचाही दुष्टपणा नाही, नुसती सवय आहे. दिवंगत वीरा साथीदार यांनी केलेला शाहीर गातो तेव्हा त्या खोलीच्या बाहेरचं जग किती मोठं आहे ते कळतं. ताम्हाणेंचाच 'द डिसायपल' (२०२०) लेकीने काल बघितला. त्यात शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री मोटारसायकलवरून जाताना माईंची, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंची, व्याख्यानं ऐकतो. माई पडद्यावर येतच नाहीत, फक्त आवाज. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. ज्यांनी आयुष्यभर चित्रपट केले त्या बाईंना ताम्हाणेंनी नुसत्या आवाजातून उभं केलं, आणि त्या सबंध चित्रपटावर बसून आहेत. भाच्याने ते ऐकून घेतलं, बघेन म्हणाला. बघेल असं वाटत नाही.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

आजपासून १९६५ चे चित्रपट मोकळे. वकीलसाहेबांनी सकाळी आठला नववर्षाच्या शुभेच्छांऐवजी हाच निरोप पाठवला. आमच्या यादीत लगेच एक भर: भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं'. महिन्याच्या शेवटी तोच.

२४ जानेवारी, शनिवार: तिसरा खेळ, 'साधी माणसं' (१९६५)

थंडी म्हणता येईल इतपत थंडी, त्यामुळे पंखे बंद. तीन पंखे बंद झाल्यावर हॉल किती निवांत होतो याची कल्पना नव्हती. उन्हाळ्यात काय करायचं ते उन्हाळ्यात बघू.

गोष्ट सरळ आहे: लोहारकाम करणारं जोडपं शहरी फसवणुकीत सापडतं. भालजींचं जग काळं आणि पांढरं असतं, फिल्मसारखंच. गाव चांगलं, शहर वाईट. आज ते भाबडं वाटतं, आणि ठाण्यात बसून शहर वाईट म्हणायला आम्ही मोकळे असलो तरी गावी परत कुणी जात नाही. पण जयश्री गडकर आणि सूर्यकांत यांच्याकडे बघताना तक्रार राहत नाही.

'ऐरणीच्या देवा' सुरू झालं आणि हॉल गाऊ लागला. इथे मी कुणाला अडवलं नाही. जगदीश खेबुडकरांचे शब्द, चाल 'आनंदघन' यांची, म्हणजे स्वतः लतादीदींची, आणि गळाही त्यांचाच. राज्य पुरस्काराच्या वेळी 'आनंदघन' म्हणून नाव पुकारलं तरी दीदी जागेवरून उठल्या नव्हत्या, हा किस्सा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी रंगवून सांगितला. मला त्या गाण्यात नेहमी भाता आणि घण ऐकू येतात. काम चालू आहे आणि त्या कामाचाच ठेका झालाय. पागनिसांच्या अभंगानंतर तीस वर्षांनीही कोल्हापूरकर हे विसरले नव्हते.

प्रत मात्र बेताचीच होती. मध्ये दोन ठिकाणी आवाज खोल गेला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघालं, तोवर आपण किती गमावलं होतं. आणि २००३ च्या जानेवारीत तिथल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या त्या वेगळ्याच. नायट्रेट एकदा पेटली की पाण्याने विझत नाही. मूकपटांच्या काळातलं तर जवळजवळ सगळंच गेलंय. जे उरलंय त्याची प्रत बेताची म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही, असं मी लोकांना सांगितलं. स्वतः मात्र भाच्याला जरा बरी प्रत शोधायला लावलंय.

८ फेब्रुवारी, रविवार

कमिटीची बैठक, अर्धा तास.

परवानग्या: अजून काही नाही. 'सिंहासन'चा पाठपुरावा वकीलसाहेब करतील. मला तो लावायचाच आहे. पत्रकार दिगू टिपणीस झालेले निळू फुले चित्रपटभर इतरांचं ऐकत फिरतात आणि शेवटी त्यांचं ते हसणं येतं. ते एका मोठ्या पडद्यावर, ठाण्यातल्या मतदारांबरोबर एकदा ऐकायचंय.

पुढचा खेळ १४ मार्च, शनिवार: 'शेजारी' (१९४१). १४ मार्चलाच १९३१ साली 'आलम आरा' लागून आपले चित्रपट बोलू लागले, तारीख आपसूक जुळली. हिंदू पाटील आणि मुसलमान मिर्झा या दोन शेजाऱ्यांची गोष्ट, कामं केशवराव दाते आणि गजानन जहागीरदार यांची. खेळाआधी काहीही भाषण नाही, असं मीच सुचवलं. दोन सभासदांनी "हा विषय आत्ता कशाला" असं विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, मंजूर यादीत आहे, लागणार.

त्यात धरण फुटतं, तेव्हा बास लागेल. गणपतीच्या स्पीकरांपैकी एक फक्त त्या दिवसापुरता मागायचा. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, देतो, पण वायर तुमची. वायर: वीस मीटर, नवरा आणणार. पडद्यांचं भाडं दर महिन्याला देण्यापेक्षा विकत घ्यावेत का, याचे दर खजिनदार काढतील. पाहुण्यांची संख्या वाढतेय, त्यामुळे खुर्च्या बाजूच्या सोसायटीकडून, आणि त्यांच्या चार लोकांना आत घ्यायचं या अटीवर.